लोणारच्या पाण्यातील बिऱ्हाडे

आमच्या लोहाऱ्याहून दारव्हा, वाशिम, रिसोड या गावांवरून पश्चिमेस गेले, की बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे गाव लागते. १९९१ साली मी सातवीच्या वर्गाची सहल घेऊन तेथे गेलो होतो. गावाच्या कडेला उभे राहून खाली पाहिले, की एकदम मोठी वाटोळी दरी दिसते आणि तिच्या तळाशी हिरवट पाण्याचे सरोवर पसरलेले असते. आम्ही पायवाटेने खाली उतरलो. पाण्याला उग्र दर्प येत होता. एका मुलाने बोट बुडवून जिभेला लावले आणि तोंड वेडेवाकडे केले. मी तेव्हा मोठ्या आत्मविश्वासाने वर्गाला सांगितले, “मुलांनो, हे पाणी इतके खारट व इतके तीव्र आहे, की यात काहीही जगत नाही.” मुलांनी ते वाक्य आपापल्या वहीत उतरवून घेतले. पुढे कितीतरी वर्षे, सहल असो वा नसो, मी ते वाक्य सांगतच राहिलो.

ते वाक्य चूक होते. मासे नाहीत म्हणून काहीच नाही, अशी माझी समजूत होती. ही चूक माझ्या ध्यानात आली ती २०२० साली, आणि ती आणून दिली शेजारच्या एका बारा वर्षांच्या मुलीने. त्या जून महिन्यात लोणारचे पाणी काही दिवसांतच गुलाबी झाले. टाळेबंदीचे दिवस होते. मुले घरीच होती. ती मुलगी आपल्या वडिलांच्या मोबाइलवरील चित्र घेऊन माझ्या ओसरीवर आली. कोणी या रंगाला कोप म्हणत होते, कोणी चमत्कार. तिने विचारले, “गुरुजी, पाण्यात काहीच जगत नाही, तर पाणी गुलाबी कशाने झाले?” मला उत्तर देता आले नाही. मग मी वाचू लागलो, आणि जे समजले ते तुम्हांला सांगावे म्हणून हा पाठ लिहिला आहे.

प्रथम सरोवराची हकीकत पाहू. फार प्राचीन काळी आकाशातून एक प्रचंड उल्का येऊन दख्खनच्या काळ्या पाषाणावर आदळली आणि तिच्या आघाताने हे विवर निर्माण झाले. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे आणि काठापासून तळापर्यंतची खोली दीडशे मीटरांच्या आसपास आहे. त्याच्या वयाविषयी मात्र शास्त्रज्ञांत एकमत नाही. काहींच्या मते ते सुमारे पन्नास हजार वर्षांचे आहे, तर काहींच्या मते पावणेसहा लाख वर्षांचे. काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्ट खडकात, उल्केच्या आघाताने झालेली विवरे जगात अगदी थोडी आहेत. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने या जागेची नोंद केली, असे ग्रंथांत सांगतात. आपल्याकडील लोकांना ती अर्थातच त्यापूर्वी शेकडो वर्षांपासून ठाऊक होती. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त लोणारचा उल्लेख आहे, आणि अकबराच्या काळातील ‘आईन-ए-अकबरी’तही तेथील खाराची दखल घेतलेली आहे.

हा खार आला कोठून? पावसाचे पाणी व धारेसारख्या झऱ्यांचे पाणी विवरात येते. पण बाहेर जाण्यास त्याला वाटच नाही. ते जाते केवळ वाफ होऊन. येताना पाणी खडकातील व मातीतील क्षार थोडे थोडे विरघळवून आणते. वाफ होते ती पाण्याची. क्षार तसेच मागे राहतात. हजारो वर्षे हे चालले. चुनखडीसारखे काही क्षार तळाशी बसले आणि पाण्यात उरला तो मुख्यतः सोडा व मीठ. धुण्याचा सोडा तुम्ही पाहिलेला आहे. तोच येथे पाण्यात विरघळलेला आहे.

एखादे पाणी किती आंबट किंवा किती अल्कधर्मी आहे, हे मोजण्यासाठी ‘सामू’ नावाची श्रेणी वापरतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. लिंबाच्या रसाचा त्याहून पुष्कळ कमी, तर साबणाच्या पाण्याचा जास्त. ही श्रेणी मोठी फसवी आहे. तिच्यात एक पायरी चढणे म्हणजे दहापट होणे. लोणारच्या पाण्याचा सामू १० च्या आसपास असतो. म्हणजे शुद्ध पाण्याहून ते तीन पायऱ्या वर, अर्थात हजारपट अल्कधर्मी आहे. साबणाच्या पाण्याने हातावरचे जंतू नाहीसे होतात, हे आपल्याला पक्के ठाऊक. मग साबणासारख्याच पाण्यात कोणी जन्मभर कसे राहावे?

तरीही राहतात. साध्या डोळ्यांना न दिसणारे, केवळ सूक्ष्मदर्शकातून दिसणारे हे जीव त्या सरोवरात कोट्यवधींच्या संख्येने आहेत. एरव्ही पाणी हिरवे दिसते ते त्यांच्यामुळेच. ‘स्पिरुलिना’ या नावाने ओळखला जाणारा, मळसूत्रासारखा पिळदार आकाराचा निळा-हिरवा जीव तेथे विपुल वाढतो. झाडाच्या पानाप्रमाणेच तोही सूर्यप्रकाशावर आपले अन्न तयार करतो. अन्न तयार करण्यास कार्बन लागतो, आणि सोड्यात कार्बन भरपूर असतो. आपल्याला जे विष वाटते, तेच त्याचे भरलेले कोठार आहे! सोड्याची सरोवरे ओसाड दिसतात खरी, परंतु जगातील अत्यंत सुपीक पाण्यांत त्यांची गणना होते.

आता ऊर्जेचा प्रश्न घेऊ, कारण सगळी मौज त्यातच आहे. शेतकऱ्याच्या घरात कापसाचा ढीग असला, तरी त्या कापसाने किराणा येत नाही. कापसाची रोकड व्हावी लागते. सजीवाच्या पेशीचेही तसेच आहे. अन्न म्हणजे तिचा कापूस. त्या अन्नातील ऊर्जेचे रूपांतर ‘एटीपी’ नावाच्या लहानशा रेणूत झाले, की ती रोकड पेशीला कोठेही खर्च करता येते. तुमच्या शरीरात, वडाच्या पानात आणि लोणारच्या सूक्ष्मजीवात ही रोकड एकच आहे.

ती तयार होते कशी? कोयना प्रकल्पाचे चित्र तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात पाहिले असेल. शिवसागर जलाशयातील पाणी बोगद्यांतून वेगाने खाली सोडतात, ते पोफळीच्या वीजगृहातील चक्रे फिरवते आणि वीज निर्माण होते. पेशीभोवती एक अतिशय पातळ पडदा असतो. अन्नातून मिळालेल्या शक्तीने पेशी ‘प्रोटॉन’ नावाचे सूक्ष्म कण त्या पडद्याबाहेर ढकलते. बाहेर त्यांची गर्दी झाली, की ते परत आत येऊ पाहतात. परतीची वाट असते एका इवल्याशा चक्रातून. प्रोटॉन आत शिरताना ते चक्र खरोखरच गरगर फिरते आणि त्या फिरण्यातून एटीपी तयार होते. हा विचार पीटर मिचेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १९६१ साली मांडला. प्रारंभी पुष्कळांना तो पटला नाही. परंतु १९७८ साली त्याला त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले.

आता लोणारच्या जीवाची अडचण पाहा. अल्कधर्मी पाणी म्हणजे प्रोटॉनांचा दुष्काळ. बाहेर प्रोटॉन इतके थोडे, की आतले प्रोटॉनच बाहेर पळू पाहतील. धरणातील पाण्यापेक्षा धरणाखालच्या नदीचे पाणी उंच झाले, तर चक्र फिरेल कसे? या जीवांनी त्यावर जे उपाय योजले आहेत, ते पाहून मन थक्क होते. पेशीच्या बाहेरील आवरणात ते आम्लधर्मी पदार्थांचे कवच ठेवतात. पडद्यामध्ये त्यांचे विशेष दरवाजे असतात. हे दरवाजे आतला सोडियमचा कण बाहेर टाकतात आणि त्याच्या बदल्यात बाहेरचे प्रोटॉन आत घेतात. जितके देतात त्यापेक्षा अधिक घेतात. त्यामुळे बाहेर सामू १० असला, तरी पेशीच्या आत तो ८ ते साडेआठच्या जवळपास राखला जातो. शिवाय पेशीचा आतील भाग विजेच्या दृष्टीने ऋण असल्यामुळे धनभारित प्रोटॉन आत ओढले जातात. पोहण्यासाठी जी शेपटी हलवावी लागते, ती तर यांतील कित्येक जीव प्रोटॉनांऐवजी सोडियमच्या बळावरच फिरवतात. पाण्यात जे मुबलक आहे ते वापरावे, असा हा व्यवहार आहे.

दुसरी अडचण मिठाची. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले, की थोड्याच वेळात त्यांना पाणी सुटते, हे तुम्ही घरी पाहता. खारट पाणी पेशीतील पाणी तसेच बाहेर ओढून घेते आणि पेशी सुकून मरते. लोणच्यात मीठ घालतात ते याच कारणाने. मिठात जगणारे काही जीव आपल्या पेशीत विशिष्ट निरुपद्रवी पदार्थ साठवतात आणि त्यांच्या साहाय्याने आतले पाणी धरून ठेवतात. दुसरे काही याहून धाडसी आहेत. ते पेशीत पोटॅशियमचा क्षारच इतका भरून घेतात, की आत आणि बाहेर खारटपणा सारखा होतो. मग पाणी जाणार कोठे? मात्र यात एक अट असते. त्यांच्या शरीरातील सारी यंत्रणा खारट पाण्यातच चालेल अशी घडलेली असते. त्यांना गोड्या पाण्यात टाकले तर त्यांतील बहुतेक फुटून मरतात. आपल्याला जो आसरा वाटतो, तो त्यांचा मृत्यू होय.

हे धाडसी जीव ‘आर्किया’ नावाच्या गटातील आहेत. दिसायला ते जिवाणूंसारखेच, पण कुळ अगदी निराळे. हे वेगळेपण कार्ल वूझ या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्याने १९७७ साली दाखवून दिले. आणि गुलाबी पाण्याचे रहस्य यांच्यापाशीच होते. २०२० सालच्या उन्हाळ्यात बाष्पीभवनाने सरोवराचे पाणी आटले व खारटपणा वाढला. पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत तपासण्यात आले. तेथील शास्त्रज्ञांना असे आढळले, की मिठाची आवड असणारे आर्किया बेसुमार वाढले होते आणि त्यांच्या अंगातील तांबूस रंगद्रव्याने पाणी गुलाबी दिसत होते. गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याचेच हे भाऊबंद. प्रखर उन्हापासून पेशीचे रक्षण करण्याचे काम ते करते. पुढे ते जीव तळाशी बसले आणि पाणी पुन्हा पूर्ववत झाले. ना कोप, ना चमत्कार! तरी मला विचाराल, तर खरी हकीकत कोणत्याही चमत्काराहून अधिक नवलाची आहे. रोहित पक्ष्यांच्या पिसांना गुलाबी रंग येतो तोही अशाच द्रव्यांपासून, त्यांनी खाल्लेल्या सूक्ष्म जीवांतून.

अशा खारट पाण्यांत राहणाऱ्या काही आर्कियांपाशी आणखी एक युक्ती असते. प्राणवायू कमी पडला, तर ते पडद्यातील एका जांभळ्या प्रथिनाच्या मदतीने थेट सूर्यप्रकाशाच्या बळावर प्रोटॉन बाहेर ढकलतात. पाने नाहीत, हिरवा रंग नाही, तरी उन्हावर चक्र फिरते! या प्रथिनाचा शोध १९७१ साली लागला.

सरोवराच्या तळाशी काळा चिखल आहे. तेथे ऊनही पोचत नाही आणि प्राणवायूही नाही. तेथे राहणाऱ्यांचे काय? यासाठी ऊर्जेचा एक साधा नियम ध्यानात घ्या. ऊर्जा मिळवण्यासाठी एक देणारा पदार्थ लागतो आणि एक घेणारा. देणाऱ्याकडून ‘इलेक्ट्रॉन’ नावाचे कण घेणाऱ्याकडे जातात आणि जाताना ऊर्जा सोडतात. आपल्या शरीरात भाकरी देते आणि प्राणवायू घेतो. आपल्याला घेणारा दुसरा चालतच नाही. म्हणून श्वास कोंडला की आपण क्षणांत कासावीस होतो. सूक्ष्मजीवांचे तसे नाही. सर्गेई विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८८७ साली दाखवून दिले, की काही जिवाणू सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या गंधकयुक्त वायूवर आपली गुजराण करतात. कोणी हायड्रोजनवर जगतो, कोणी लोखंडावर. प्राणवायूच्या ऐवजी कोणी गंधकाचे क्षार वापरतो, तर कोणी कार्बन डायऑक्साइड. लोणारच्या चिखलाला जो उग्र दर्प येतो, तो गंधकाचे क्षार वापरून श्वसन करणाऱ्यांचा उच्छ्वास आहे.

त्याच चिखलात मिथेन वायू तयार करणारे जीव आहेत, आणि तो मिथेन खाऊन जगणारेही आहेत. पुण्यातील शास्त्रज्ञांनी या दोहोंचा अभ्यास केलेला आहे. एकाने टाकून दिलेला वायू हे दुसऱ्याचे जेवण, अशी ही शेजाऱ्याशेजाऱ्यांची बिऱ्हाडे. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राला तर लोणारमध्ये अगदी नवा जिवाणू सापडला. २०१२ साली त्याचे नाव ठेवण्यात आले ‘सेसेंबिया लोणारेन्सिस’. नावाचा पहिला भाग त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून घेतलेला आणि दुसरा आपल्या लोणारवरून.

मिथेन करणारे जीव पाहण्यास लोणारलाच जावे असे नाही. आमच्या लोहाऱ्यात, किंबहुना तुमच्याही गावात, कोणाच्या परसात गोबरगॅसचे यंत्र असेल. त्यातील शेणकाल्यात तेच कुळ काम करते. चार भाग हायड्रोजन आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड घेऊन ते मिथेन करतात, त्यातून आपल्यापुरती ऊर्जा काढतात आणि उरलेला वायू आपल्या चुलीला मिळतो. प्राणवायू त्यांना विषासारखा असतो. म्हणून ती टाकी हवाबंद ठेवावी लागते. ज्या हवेवाचून आपण पाच मिनिटे काढू शकत नाही, ती त्यांना सोसत नाही. तेव्हा ‘बिकट परिस्थिती’ हा शब्द कोणाच्या बाजूने वापरायचा, याचा मला आता प्रश्न पडतो.

उष्णतेचीही तीच गोष्ट. पैनगंगेच्या काठी, नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर येथे ऊन पाण्याचे झरे आहेत. नदी ओलांडली की आपला यवतमाळ जिल्हा. त्या झऱ्यांतूनही उष्णताप्रिय जिवाणू संशोधकांनी वेगळे केले आहेत. अमेरिकेतील यलोस्टोन येथील झऱ्यांत थॉमस ब्रॉक यांना १९६६ साली असाच एक जिवाणू मिळाला. उकळीच्या जवळपासच्या उष्णतेतही त्याची विकरे नासत नाहीत. त्यांतील एका विकराच्या साहाय्याने एखाद्या जीवाच्या आनुवंशिक द्रव्याच्या असंख्य प्रती करण्याची रीत पुढे निघाली. २०२० साली तुमच्या-माझ्या घशातील नमुना घेऊन करोनाची जी तपासणी होत असे, तीही याच रीतीने. आजवर ज्ञात असलेल्या जीवांत १२२ अंश सेल्सिअसला वाढणारा एक आर्किया सर्वांत पुढे आहे. त्याची नोंद २००८ साली झाली.

पण मला सर्वांत नवल वाटले ते कोयनेचे. ११ डिसेंबर १९६७ रोजी तेथे मोठा भूकंप झाला. भूकंपाचे मूळ शोधण्यासाठी पुढे त्या भागात खोल छिद्रे घेण्यात आली. २०१७ साली त्यांतील एक सुमारे तीन किलोमीटर खोल गेले. वरचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि त्याखालचा ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांहून जुना. तेथे ऊन नाही, हवा नाही, वरून अन्न झिरपेल अशी आशाही नाही. खरगपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी त्या खडकांचे नमुने तपासले, आणि सुमारे दीड किलोमीटर खोलीपर्यंतच्या खडकांत सूक्ष्मजीवांच्या खुणा मिळाल्याचे २०१८ साली जाहीर केले. खडक व पाणी यांच्या रासायनिक क्रियेतून हायड्रोजन निघतो; तशा वायूवर भूगर्भातील जीव जगू शकतात. भूकंप शोधण्यास गेलेल्या माणसांना पाताळातील शेजारी भेटले.

पुन्हा लोणारकडे येऊ. २००० साली सरोवराच्या परिसराला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर करारानुसार जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचा समावेश झाला. तरीही धोका टळलेला नाही. वस्तीचे सांडपाणी व शेतांतून वाहून येणारी खते विवरात उतरली, की पाण्याचा खार सौम्य होतो आणि त्यातील जीवांचे गणित बिघडते. हजारो वर्षांत साचलेला खार काही पावसाळ्यांत पातळ होऊ शकतो. तेथे मासे पोहू लागले, तर पाहणाऱ्यांना सरोवर सुधारले असे वाटेल. परंतु लोणारचे म्हणून जे जीव आहेत, त्यांचे ते घर मोडलेले असेल.

गेल्या हिवाळ्यात मी त्या मुलीला व तिच्या वडिलांना घेऊन लोणारला गेलो. ती आता मोठी झाली आहे. येताना तिने घरी कागदाच्या पट्ट्यांना ओली हळद लावून त्या वाळवून आणल्या होत्या. हळद अल्कधर्मी पदार्थाने तांबडी होते. वरणाचा डाग पडलेला सदरा साबणाने धुताना तुम्ही हे पाहिले असेल. धारेच्या पाण्यात तिने पट्टी बुडवली. ती पिवळीच राहिली. सरोवराच्या काठाशी बुडवली, तेव्हा क्षणात तांबूस झाली. मग आम्ही काठाकाठाने चालत जेथे ओढा सरोवरास मिळतो तेथवर गेलो. तेथे तिने तिसरी पट्टी बुडवून बराच वेळ उन्हात धरून पाहिली. ती पिवळीच होती.